सहा वैद्यांची पार्टी

इमारतीत सगळे त्याला दातवाला म्हणत. तो दातांचा डॉक्टर नव्हता, डॉक्टरांसाठी दात बनवून देणारा होता. पेशंटच्या जबड्यांचे ठसे लॅबमध्ये यायचे. हा त्यात प्लास्टर ओतायचा, मेणावर एकेक दात मांडायचा, मग मेणाच्या जागी गुलाबी हिरडी भरून, शिजवून, घासून चकचकीत कवळी तयार करायचा. दिवसभर टेबलावर लोकांची तोंडं उघडी पडलेली असायची आणि त्यातलं एकही बोलायचं नाही. हे काम त्याच्या स्वभावाला मानवलं होतं.

बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. एका रविवारी सकाळी चहा झाल्यावर तिने कप विसळून पालथा घातला आणि सांगितलं, "मी दुसऱ्या शाखेत बदली मागून घेतली आहे. तिकडेच राहणार. परत यायचं नाही असं ठरवलंय."

"बरं," तो म्हणाला.

ती थांबली. "एवढंच?"

त्याने खरंच विचार केला. आणखी काहीतरी बोलायला हवं हे त्याला कळत होतं. "वायफायचा पासवर्ड तुलाच माहीत आहे," तो म्हणाला.

तिने तो कागदाच्या कपट्यावर लिहिला आणि फ्रिजला चिकटवला. मग बॅगेची चेन ओढता ओढता म्हणाली, "तुझ्याशी संसार करायचा म्हणजे कुलूप घातलेल्या घराची बेल वाजवत उभं राहायचं. बोट दुखायला लागलं रे माझं."

भांडण झालं नाही. दुसरं कोणी मधे आलं नव्हतं. दोन बॅगा गेल्या, कपाटात हँगर लोंबकळत राहिले, आणि दातवाला दुसऱ्या दिवशी वेळेवर लॅबमध्ये गेला. मालकांनी विचारलं, "कसं काय?" तो म्हणाला, "चाललंय." खोटं नव्हतं ते. चाललंच होतं.

मागे राहिल्या सासूबाई.

त्या मुलीबरोबर जायच्या, हे उघड होतं. पण खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झाल्यापासून त्यांना जिने चढता येत नसत, आणि मुलीने सध्या एका मैत्रिणीबरोबर जागा घेतली होती ती चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेली. "खालची जागा मिळाली की नेते," असं ती म्हणाली होती. जागा मिळत नव्हती. महिने चालले होते. अशा रीतीने, जिच्यामुळे नातं होतं ती निघून गेली आणि सासू-जावई तेवढे एका घरात उरले. एखादं लग्न उठून गेल्यावर मांडवात दोनच पाहुणे बसून राहावेत, तसे.

दोघांनी त्याविषयी एक शब्द काढला नाही. सासूबाई उंच स्टुलावर बसून स्वयंपाक करायच्या, तो भांडी घासायचा, फरशी पुसायचा. त्यांचे कपडे त्या स्वतःच धुवायच्या आणि त्याला दिसणार नाहीत अशा दोरीवर वाळत घालायच्या. जेवताना रेडिओ लावलेला असायचा. त्या त्याला 'तुम्ही' म्हणत, तो त्यांना 'आई'. त्यांच्या तोंडातली कवळी त्यानेच बनवलेली होती, लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी. त्यामुळे त्या क्वचित हसल्या की त्याला आधी आपलं काम दिसायचं, मग हसू.

संध्याकाळी लॅबमधून आल्यावर काय करायचं हा प्रश्न होता. पूर्वी काय करत होतो, हे त्याला आठवेना. एक दिवस त्याने जुन्या लॅपटॉपवर कॉलेजच्या दिवसांतला एक गेम शोधून काढला. गेम फार जुना. काळ्या पडद्यावर हिरव्या रेघांच्या भिंती, आणि बाकी सगळा मजकूर. सहा जणांची पार्टी बनवायची आणि पडक्या किल्ल्याखालच्या तळघरांत उतरायचं. दहा तळघरं, एकाखाली एक. सगळ्यात खाली एक दुष्ट राजा, त्याला मारलं की संपलं. पार्टी कशी बनवायची याचा एक शहाणा नियम होता, तेव्हा कॉलेजात सगळ्यांना पाठ होता: पुढे मार खायला आणि मारायला तीन योद्धे, मागे एक चोर, एक वैद्य, एक जादूगार. चोर सापळे उघडतो, वैद्य जखमा भरतो, जादूगार जाळपोळ करतो.

त्याने तशी पार्टी बनवली आणि खेळायला लागला. रोज थोडा खाली जायचा. काही आठवड्यांत राजा मेला. पडद्यावर अभिनंदनाच्या चार ओळी आल्या. त्याने त्या वाचल्या, लॅपटॉप मिटला, भांडी घासायला गेला. दात काढायच्या आधी दिलेल्या इंजेक्शनाने ओठ जसा आपला असून आपला नसतो, तसं त्याला सगळीकडेच झालेलं होतं. चावलं तरी कळू नये.

मग त्याने उलटसुलट पार्ट्या बनवायला घेतल्या. का, ते त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. बहुधा काहीतरी मोडतंय का हे बघायचं होतं. सहाही जादूगार घेतले. एकेकाकडे एकेक मंत्र, सहा मंत्र संपले की सहा म्हातारे झगा घालून उभे. दुसऱ्याच दारामागे सगळे खलास. सहाही चोर घेतले. ते लपण्यात पटाईत, पण सगळेच लपले की मारणार कोण? अंधारात सहा जण श्वास रोखून उभे आणि समोर एक उंदीर, तोही कंटाळलेला. एकदा एकच माणूस घेतला आणि पाच जागा रिकाम्या ठेवल्या. तो बराच टिकला, पण दातवाल्याला ते बघवेना. एकदा सगळ्यात अशक्त माणूस योद्धा केला, तलवार उचलायची त्याला ताकद नव्हती. तो पहिल्याच घावात गेला.

मार बसला की गेम 'टुंग' वाजायचा.

एका संध्याकाळी सासूबाई काठी टेकत बाहेरच्या खोलीत आल्या. "ते काय हो सारखं टुंग टुंग वाजतं?"

"मार बसला की वाजतं."

"कुणाला?"

"आम्हाला."

त्या खुर्ची ओढून बसल्या. बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. "हे सहा कोण?"

"पार्टी."

"म्हणजे जेवण?"

"नाही. एकत्र निघालेली माणसं. म्हणजे..." त्याला समजावून सांगायला सवय नव्हती. पण मग त्याने सांगितलं. योद्धा काय करतो, चोर काय करतो, वैद्य काय करतो. इतकी वाक्यं तो सलग कधी बोलला होता कोण जाणे. सासूबाईंनी मधे एकदाही 'हं' म्हटलं नाही, आणि शेवटी म्हणाल्या, "मग सगळे वैद्यच घ्या की."

"मारणार कोण?"

"कशाला मारायचं? जखमा भरल्याशी कारण."

"खाली जायचं तर मारावं लागतं."

"बघू तरी," त्या म्हणाल्या. "नाहीतरी तुमचे रोज मरतायत."

त्याला हसू आलं नाही, पण नाकातून थोडी हवा बाहेर पडली.

नावं सासूबाईंनी दिली. गेममध्ये नाव आठ अक्षरांत बसवावं लागे, त्यामुळे तो काटछाट करत होता. पहिलं नाव 'कंपाउंडर', त्यांच्या लहानपणी दवाखान्यात बाटल्या भरून देणारा. मग 'थोरली जाऊ', 'धाकटी जाऊ', मग 'विहीणबाई', म्हणजे दातवाल्याची स्वतःची आई, जी लग्नाच्या दिवसापासून त्यांच्याशी जपून जपून बोलत आली होती. पाचवा 'पोस्टमास्तर'. सहाव्या नावाला त्या अडल्या. मग म्हणाल्या, "आमचे हे."

"काय लिहू?"

"हे. तेवढंच लिहा. सगळा जन्म तेवढंच म्हटलं."

सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याने HE अशी दोन अक्षरं टाइप केली.

"हे सहा जण," सासूबाई पडद्याकडे बोट करून म्हणाल्या, "एका खोलीत घटकाभर बसले असते तर एकमेकांच्या झिंज्या उपटल्या असत्या."

सहा वैद्य पहिल्या तळघरात उतरले. प्रत्येकाच्या हातात एक सोटा. समोर तीन उंदीर आले. वैद्यांचे दहा फटके हुकायचे तेव्हा एक लागायचा. उंदीर चावायचे, टुंग, की दुसरा वैद्य जखम भरायचा. उंदीर पुन्हा चावायचे. कोणी मरत नव्हतं, कोणी जिंकतही नव्हतं. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, भाजी झाली, दोघं जेवून आली, तरी लढाई चालूच होती. शेवटी कंपाउंडरच्या सोट्याने तिसरा उंदीर मेला, तेव्हा सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "बघा. आपलं काही अडलं का?"

त्यानंतर रोजचंच झालं. तो कामावरून आला की त्या विचारायच्या, "हात धुतले? चला मग." कोणी पुढे राहायचं, कोणी मागे, हे त्या ठरवायच्या. विहीणबाईंना कायम पुढच्या रांगेत ठेवायच्या. "त्यांना पुढे राहायला आवडतं," असं त्यांचं म्हणणं. दातवाला बाणांची बटणं दाबायचा आणि एका चौकटीच्या कागदावर भिंती आखायचा. मजा वाटत होती का? तसं नव्हतं. पण लॅबमध्ये दुपारी कवळीला पॉलिश करताना कधीकधी त्याच्या मनात यायचं की आज थोरल्या जावेला पुढे घेऊन बघायला हवं. आधी मनात काहीच यायचं नाही.

तिसऱ्या तळघरात एका पेटीत विषारी सुई होती. चोर असता तर त्याने ओळखली असती. इथे चोर नव्हता. धाकट्या जावेने पेटी उघडली आणि मेली. विष उतरवायचा मंत्र अजून कोणालाच येत नव्हता, मेलेल्याला उठवायचा तर फार पुढचा.

"आता नवीन वैद्य घेऊ," तो म्हणाला. "हिला काढावं लागेल."

"काढायचं म्हणजे?"

"पार्टीतून. मेलेलं माणूस जागा अडवतं. काही उपयोग नसतो त्याचा."

"टाकून यायचं तळघरात?"

"तसंच असतं यात."

"नको. असू दे," सासूबाई म्हणाल्या. "उचलून न्या. मंत्र शिकतील तेव्हा शिकतील."

मग पाच वैद्य आणि एक प्रेत अशी पार्टी चालू लागली. शहाण्या नियमांत हे कुठेच बसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दातवाला फरशी पुसत होता आणि आत सासूबाई फोनवर बोलत होत्या. "कशी आहेस?... नाही, काही नाही, सहज... अगं खरंच सहज... हो, बोलून चौदा-पंधरा वर्षं झाली असतील... भांडी? कुठली भांडी? ती तूच ठेव आता." फोन ठेवून बाहेर आल्या. त्याने न विचारताच म्हणाल्या, "धाकटी जाऊ. घाबरली बिचारी. म्हणाली, कोण गेलं का?"

"मग काय सांगितलंत?"

"काय सांगणार? म्हटलं, कोणी नाही." आणि त्या स्वतःशीच हसल्या. त्याने कवळी बघितली. उजवीकडचा दात थोडा झिजला होता.

त्यानंतर काही दिवसांनी तो संध्याकाळी घरी आला, दार उघडलं, आणि "आलात?" हे रोजचं आलं नाही. रेडिओ चालू होता. स्वयंपाकघरात फ्रिजच्या पायथ्याशी सासूबाई आडव्या पडलेल्या होत्या. एक हात अंगाखाली, दुसऱ्या हातात ओट्यावरून ओढून घेतलेला नॅपकिन, तो त्यांनी डोक्याखाली घेतला होता.

"घाबरू नका," त्या जमिनीवरूनच म्हणाल्या. "खुब्याला काही नाही. पाय हलवून बघितलेत."

"कधी पडलात?"

"दुपारच्या बातम्या चालू होत्या."

तो तिथेच उभा राहिला. त्यांना उचलायला हवं होतं. इतक्या वर्षांत त्याचा हात त्यांच्या कवळीला लागला होता, त्यांना कधी लागला नव्हता. कुठे धरायचं? दंडाला धरलं तर मोडलेला असेल. पाठीखालून हात घालायचा तर... सासूबाईंनीच शेवटी सांगितलं, "अहो, मेणाची नाहीये मी. धरा." त्याने खुर्ची आडवी आणून त्यांना त्यावर रेलवलं, मग काखेत हात घालून उचललं. त्या खूप हलक्या होत्या. ओल्या कपड्यांचा वास आला. कपडे ओले का, हे दोघांनाही माहीत होतं. तो शेजारणीला बोलावून आला, ती त्यांचे कपडे बदलेपर्यंत जिन्यात उभा राहिला.

हॉस्पिटलात मनगट मोडल्याचं निघालं. प्लास्टर घालणारा माणूस पाणी जास्त घालत होता, हे दातवाल्याच्या लक्षात आलं. असं पातळ कालवलं की सुकायला वेळ लागतो. आपण आत्ता हा विचार करतोय, हेही त्याच्या लक्षात आलं. आपल्याला भीती वाटायला हवी होती. म्हातारी बाई अर्धा दिवस फरशीवर पडून होती, आणि आपण हिरव्या रेघा आखायच्या विचारात बसमध्ये बसून येत होतो. वाईट वाटायला हवं. तो छातीत चाचपून बघत राहिला, खिशात किल्ली आहे का बघावं तसं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुम्ही मुलगा का?"

"जावई."

"यांना दिवसा एकटं ठेवता येणार नाही. मुलीला बोलवून घ्या."

त्याने बाहेर येऊन बायकोला फोन लावला. निघून गेल्यापासून त्याने स्वतःहून केलेला हा पहिलाच फोन. "आई पडल्या," तो म्हणाला. "मनगट मोडलंय. बाकी ठीक आहे."

तिने विचारलं, "तू ठीक आहेस?"

हा प्रश्न त्याला अपेक्षित नव्हता. "मी कुठे पडलो?" तो म्हणाला.

रविवारी ती आली. केस कापलेले होते. स्वतःच्याच घराची बेल वाजवून दारात उभी राहिली, मग आत आली, आईच्या पलंगावर बसली, प्लास्टरवरून हात फिरवला आणि रडली. दातवाल्याने चहा केला. तिला साखर किती लागते हे हाताला आठवत होतं.

"खालची जागा मिळाली आहे," ती म्हणाली. "दुकानाच्या मागच्याच गल्लीत. दुपारी मी जेवायला घरी येऊ शकते. आई, आजच चल."

सासूबाईंनी प्लास्टरचा हात मांडीवर नीट ठेवला.

"आई?"

"माझं इथे बरं चाललंय," त्या म्हणाल्या.

"बरं चाललंय? अर्धा दिवस फरशीवर पडली होतीस! आणि कोणाकडे राहतेस तू? तो आता तुझा कोण लागतो?"

"जावई."

"आई, मी त्याला सोडलंय."

"तू नवरा सोडलास. मला कोणी विचारलं होतं का, जावई सोडतेस का म्हणून?"

मुलीने कपाळाला हात लावला. मग दातवाल्याकडे वळली. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, हातात चहाची किटली. "तू बोल काहीतरी. तुला काय वाटतं?"

"त्यांना जे योग्य वाटेल ते."

"पुन्हा तेच! तुला काय वाटतं, ते विचारलं मी."

किटलीचा कान गरम होता. त्याने ती खाली ठेवली नाही. काहीतरी सापडायला हवं होतं, आणि आत शोधायला गेलं की नेहमीसारखी एक स्वच्छ पुसलेली खोली लागत होती. पण एक गोष्ट होती तिथे. अगदी कोपऱ्यात, लहानशी.

"मला त्या इथे हव्या आहेत," तो म्हणाला. "पण दिवसा घरात कोणी नसतं. पुन्हा पडल्या तर मला संध्याकाळीच कळणार. तेव्हा घेऊन जा."

मग बायको हसली, चांगलं हसू नव्हतं ते. "इतक्या वर्षांत तुझ्या तोंडून 'हवं' हा शब्द पहिल्यांदा ऐकला. आणि तोही माझ्या आईसाठी."

"अगं, ऐकला ना पण," सासूबाई म्हणाल्या. "ऊठ, माझ्या गोळ्यांचा डबा घे. तो वरच्या फळीवर आहे."

टॅक्सीत बसवताना त्यांनी त्याच्याकडे वळून फक्त एवढंच सांगितलं, "उजवा दात टोचतोय हल्ली. सवडीने बघा." टॅक्सी गेली. तो लिफ्टने वर आला, पलंगावरची चादर काढून धुवायला टाकली. ओट्यापाशी उंच स्टूल होतं. ते कुठे ठेवायचं हे ठरेना, म्हणून तिथेच राहू दिलं.

नंतरचे आठवडे सांगण्यासारखे नाहीत. तो उभ्यानेच जेवायचा. संध्याकाळी लॅपटॉप उघडायचा, पाच वैद्य आणि एक प्रेत तळघराच्या कोपऱ्यात होते तसे उभे असायचे. त्याने त्यांना हात लावला नाही. नवी पार्टी बनवून बघितली, सहाही योद्धे. ते धाडधाड मारत खाली गेले, कोणाची जखम कोणी भरली नाही, आणि पाचव्या तळघरात एकामागून एक कोसळले. टुंग. आतल्या खोलीतून कोणी काही विचारलं नाही. त्याने आवाज बंद करून टाकला.

एका शनिवारी लॅबमध्ये फोन आला. "माझ्या माणसांचं काय केलंत?" सासूबाईंचा आवाज.

"आहेत तिथेच."

"सगळी?"

"सगळी."

"मग आणा की इकडे. इथे दुपारी भिंती बघत बसते मी."

"तिला चालेल का?"

"विचारलंय तिला. म्हणाली, येऊ दे. ती रविवारी दुकानातच असते. कानसपण घेऊन या, दात टोचतोय म्हटलं ना!"

रविवारी तो दोन बस बदलून गेला. पिशवीत लॅपटॉप, चार्जर, चौकटीचे कागद, कानस आणि हातात धरायचं छोटं पॉलिशिंगचं यंत्र. गल्ली अरुंद होती, एका बाजूला सायकली दुरुस्त करायचं दुकान, दुसऱ्या बाजूला धोबी. दार बायकोने उघडलं. ती निघायच्या तयारीत होती, गळ्यात दुकानाचं ओळखपत्र.

"ये," ती म्हणाली. "चप्पल आतच काढ, बाहेर कुत्रं पळवतं." आणि मग, थोडं थांबून, "जेवण झाकून ठेवलंय. दोघांचं." ती गेली.

खोलीत एकच खिडकी, तिच्याखाली सासूबाईंची खुर्ची. सासूबाई बारीक झाल्या होत्या. प्लास्टर निघालं होतं, पण बोटं नीट वळत नव्हती. त्याने आधी कवळी घेतली, खिडकीपाशी उभं राहून तो एक दात बेताने घासला, धुऊन परत दिली. त्यांनी ती लावून दोन-तीनदा दात आपटून बघितले. "आता ठीक. बसा."

चौथं तळघर लागलं. तिथे थोरली जाऊ मेलेल्याला उठवायचा मंत्र शिकली. दातवाल्याने तो धाकट्या जावेवर टाकला. मंत्र प्रत्येक वेळी लागू पडतोच असं नाही, कधीकधी माणसाची राख होते आणि मग काहीच करता येत नाही. हे त्याने सासूबाईंना सांगितलं नव्हतं. पडद्यावर एक ओळ आली: धाकटी जाऊ जिवंत झाली, अंगात एकच कण ताकद उरलेली.

"उठली," तो म्हणाला.

"उठणारच," सासूबाई म्हणाल्या, जणू त्यात विशेष काही नव्हतं. "तिला मागे ठेवा जरा. दमली असेल."

त्यानंतर तो दर रविवारी जाऊ लागला. घटस्फोटाचे कागद मधल्या काळात झाले. दोघांनी सह्या केल्या, बाहेर येऊन एका टपरीवर चहा घेतला, कोणी रडलं नाही. रविवार तसेच राहिले. सासूबाईंचं ऐकणं कमी झालं, मग नजर. हिरव्या रेघा त्यांना धड दिसत नसत. तो मोठ्याने वाचून सांगायचा, "डावीकडे दार आहे. समोर चार सांगाडे." त्या म्हणायच्या, "विहीणबाईंना पुढे करा." कधी त्याला कंपाउंडर म्हणत, कधी पोस्टमास्तर, आणि एक-दोनदा 'अहो' म्हणून वेगळ्याच माणसाला हाक मारली. तो 'हो' म्हणाला. सातव्या तळघराच्या पुढे ते गेले नाहीत. राजापर्यंत पोचायचं असतं, हे सासूबाई विसरून गेल्या होत्या, आणि त्याने आठवण करून दिली नाही.

एका रविवारी लढाईच्या मधेच त्या खुर्चीत झोपल्या. मान एका बाजूला, तोंड थोडं उघडं. त्याने आवाज कमी केला. त्याच्याकडे दाराची चावी नव्हती, आणि त्यांना एकटं टाकून जाता येत नव्हतं, म्हणून तो बसून राहिला. पडद्यावर सहा वैद्य आणि दोन सांगाडे समोरासमोर थांबलेले. बाहेर सायकलवाला चाक फिरवून बघत होता. दातवाल्याला आनंद होत नव्हता, दुःखही. मांडीला मुंग्या आल्या होत्या, तेवढ्या कळत होत्या.

दिवे लागायच्या सुमाराला ती दुकानातून आली. चावी टेबलावर ठेवली, आईच्या अंगावर शाल ओढली, आणि हळू आवाजात म्हणाली, "मंगळवारी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय. माझी तपासणी पुरेशी नाही. मला सुट्टी मिळणार नाही."

"किती वाजता?"

"नऊला."

"मी साडेआठला येतो."

तिने मान हलवली. त्याने गेम सेव्ह केला, चार्जर गुंडाळला, कागद पिशवीत घातले. सासूबाई झोपेत काहीतरी पुटपुटल्या, दोघांनी वळून बघितलं, पण त्या जाग्या झाल्या नाहीत. बस उशिरा आली आणि तिच्यात बसायला जागा होती.